रविवारची पाळी

अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या कोंबड्या कापण्याच्या कारखान्याने कामावरून कमी केल्यापासून चर्चमधले सगळे जिला 'सिस्टर' म्हणत त्या ओडेसाचं घर सरकारी बेकारभत्त्यावर चाललं होतं. तिचा भत्ता जितके दिवस चालू, तितका कारखान्याला कर जास्त. एक दिवस त्याच कारखान्याचं पत्र आलं. काम जुनंच, पगारही जुनाच, पाळी रविवारी सकाळी आठची. सरकारी नियम असा, की आलेल्या कामाला नाही म्हटलं तर भत्ता बंद.

"देवाने दार उघडलं गं बाई!" तिच्या चर्चचे पास्टर प्रवचनातल्यासारखं गाऊनच म्हणाले.

"देव दार उघडेल, पास्टर, पण रविवारी सकाळी नाही. बावीस वर्षांत माझं चर्च एकदाही चुकलं नाही, हे मॅनेजरला ठाऊक आहे. मेल्याला माझा नकारच हवाय."

"मग जाच तू. देव एवढा एक रविवार सांभाळून घेईल. चर्चच्या गायनात तुझ्या वाटचं मी गातो."

रविवारी ती डबा घेऊन गेली, तर फाटकाला कुलूप. तिने पहारेकऱ्यापुढे पत्र धरलं. "यावर लिहून द्या, मी आठ वाजता हजर होते."

त्याने लिहून दिलं आणि डोकं खाजवलं.


"पण सिस्टर, रविवारी इथे कोण असतं? मॅनेजरसाहेबसुद्धा चर्चला गेलेत."