तपासून बरोबर

औषधांच्या दुकानातल्या भाऊ-वहिनींचं सकाळीच वाजलं होतं. घराची किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं. चूक कोणाची, यावरून कडकडीत अबोला! कबूल करतील तर ते भाऊ कसले? मोडेन पण वाकणार नाही.

पण दुकानाचा नियम अबोल्यालाही सोडत नव्हता. एकाने चिठ्ठी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने औषध तपासून "बरोबर" म्हणायचं, मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचं.

काउंटरवर एक मावशी आल्या. वहिनींनी त्यांची चिठ्ठी हातात घेतली.

"तापाच्या गोळ्या, पाचशेच्या."

"बरोबर," भाऊ पाकीट निरखत म्हणाले.

"खोकल्याचं औषध, बिनसाखरेचं."

"बरोबर." भाऊ आता बाटलीवरची तारीख वाचण्यात गढले होते.

वहिनींना एकदम खोडी सुचली. सूर जराही न बदलता त्या म्हणाल्या, "घराची किल्ली विसरले, ते आमचे हे."

"बरोबर."

मागची अख्खी रांग खो खो हसत सुटली. मावशींना मात्र काही उमगलं नाही.

"भाऊ, हे तिसरं कधी घ्यायचं? जेवणाआधी की जेवणानंतर?"



भाऊंनी कान पकडले. "आधीच, मावशी. नाहीतर जेवणच मिळत नाही."