चौथी चाचणी

कारखान्याचं नवं रसायन तिसऱ्यांदा नापास झालं. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये वाढवलेल्या, शुक्राणू घडवणाऱ्या पेशी याही वेळी दोन दिवसांत मेल्या. अहवाल वाचून कारखान्याचा तरुण अधिकारी पुन्हा तेच म्हणाला, "मॅडम, डिशमधल्या चार पेशी म्हणजे काही माणूस नव्हे. आमचे कामगार रोज हे रसायन ढवळतात, अगदी ठणठणीत आहेत. परत तपासा."

चाचणी करणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किती वेळा पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं? त्यांनी नवी डिश काढली आणि त्यानेच आणलेली बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"मग तुम्हीच उघडा झाकण, आणि घाला यात दोन थेंब."

तो खुर्चीसकट मागे सरकला.

"मी नको, मॅडम. गेल्याच महिन्यात लग्न झालंय माझं."