शेवटचं कडवं

"गीतकार कोण, याचा पुरावा सहापर्यंत पाठवा. नाहीतर गाणं 'पारंपरिक' म्हणून घेऊ," सिनेमा कंपनीच्या बाई फोनवर म्हणाल्या. तेव्हा साडेचार वाजले होते.

पारंपरिक! म्हणजे बेवारसच की. प्रज्ञेशनं फोन आदळला. बाबांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं घासली, दर जयंतीला मंडपात गळा फाडून गायले, आणि त्यांचं गाणं म्हणे आभाळातून पडलं! गाण्यांची वही क्वार्टर सोडताना हरवली होती. उरली होती ब्याण्णव सालच्या जयंतीची एक टेप. तीच त्यानं कॉम्प्युटरवर चढवून रात्रंदिवस साफ केली होती.

सुखदेव समोर खाटेवर बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेला, डॉक्टरांनी दिलेले महिनेही संपत आलेले. बोलायला एक पाटी. पाटीवर सकाळपासून एकच वाक्य : 'शेवटचं कडवं लाव.'

"अहो बाबा, तिथं नुसता गोंगाट आहे. पडद्यावर रेघा दिसतात ना, त्या बघूनच कापलं मी ते."

सुखदेवांनी पाटीवर खडू आपटला. त्याचा तुकडा उडून स्वयंपाकघराच्या दाराशी पडला. आत त्याची आई, शकू, भाकरी थापत होती.

"राहू द्या हो," ती आतूनच म्हणाली. "पोराला कशाला छळताय?"

साडेपाच झाले. प्रज्ञेशनं कपाट उपसलं, ट्रंका उपसल्या. कागदाचा एक कपटा सापडेना. बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव पुसलं जाणार, आणि आपण इंजिनीअर असून बघत बसणार. त्याला रडूच आलं.

आणि मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला. शाहीर आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो! लहानपणापासून ऐकलेली रीत, आणि आपण नेमकं तेच कडवं कापलं!

त्यानं धावत जाऊन मूळ टेप लावली. खरखर झाली. मग बाबांचा भरदार आवाज खोलीभर घुमला :

'शकू म्हणे बाई, आता मागं नाही,
लेकराच्या पायी वाट नवी.'

मागोमाग मंडपातून हशा उठला. कुणीतरी ओरडलं, "सुखदेवा, बायकोची गाणी गातोस व्हय रे?"

प्रज्ञेशनं टेप थांबवली. अर्जावर गीतकार म्हणून त्यानं बाबांचं नाव लिहून ठेवलं होतं. त्या अर्जाकडे बघायचं त्याला धाडस होईना.

शकू दारात आली. हाताला पीठ तसंच. चेहरा लालबुंद.

"अहो, त्या दिवशी शपथ घातली होती ना मी तुम्हाला? ही माझी गाणी आहेत हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

सुखदेवांनी पाटी सावकाश पुसली, खडूचा उरलेला तुकडा घेतला आणि लिहिलं :

'मी कुठं बोललो?'