केबलचे टोक

नवीन पनवेलमधल्या एका छोट्या रुग्णालयाचा लिनक्स सर्व्हर सुरू होत होता, पण त्याची नेटवर्क सेवा दर वेळी बंद पडत होती. पडद्यावर एकच तक्रार येई : केबल जोडलेली नाही. केबल तर जोडलेली होती.

साळूच्या मुलाच्या मेंदूचे स्कॅन त्या सर्व्हरवर अडकले होते. ते पाहिल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रिया सुरू करणार नव्हते.

"माजा पोरगा वाचंल ना, सायेब?" साळूने दारातून विचारले.

दुरुस्तीला आलेल्या प्रणितने सर्व्हरमधली केबल उपसली. टोकाला लाळेची कोमट तार लोंबत होती. शिसारी येऊन त्याने ती पुसली आणि नवे टोक बसवले. सेवा पुन्हा बंद पडली. नवे टोकही तसेच बुळबुळीत निघाले.

"पुसू नका हो, सर," रिसेप्शनवरची मनिषा संकोचून म्हणाली. "आधीचे इंजिनिअर चाटून लावायचे. तेव्हाच चालतं."

"शी! काहीतरीच काय!"

साळूने हात जोडले.

प्रणितने डोळे मिटून टोक तोंडात धरले. कुणाच्यातरी शिळ्या तोंडाची चव पसरली. त्याच क्षणी केबल काढलेल्या सर्व्हरवरचा नेटवर्कचा हिरवा दिवा लागला.

"आता काढू नका," मनिषा घाईने म्हणाली. "ऑपरेशन संपेपर्यंत तरी."

तोंडातल्या टोकाने त्याची जीभ हळूच चाटली.