खोताच्या ओट्यासमोरून

"भिवा, खोताचा ओटा आला. वहाणा हातात घे." बापाचं ते कुजबुजणं भिवाच्या कानात तीस वर्षं मिठासारखं साचलं होतं.

मिठागरावरच्या साहेबाने टाकून दिलेली जुनी सायकल त्याने अंगणात उभी केली. झिजल्या रबराच्या जागी काथ्या गुंडाळला, साखळीला खोबरेल पाजलं, पुढे बैलाची घुंगरमाळ बांधली. ब्रेकचा दांडा तेवढा काढून भाताच्या कणगीत टाकला.

"अवो, मंग ही थांबंल कशी?" बायकोने, गोदाने, विचारलं. त्याने घुंगरमाळ वाजवून पाहिली.

सकाळी घुंगरं वाजवत सायकल ओट्यासमोर आली. मागून गोदा धापा टाकत धावत होती.

"भिवा! उतर खाली!" खोत गरजला. "बापाची रीत विसरलास काय रे?"

"नाय इसरलो, खोत!" पाय न थांबवता भिवा ओरडला, गोदालाही ऐकू जाईल असा. "हितं आलो का अजून भ्या वाटतं, थांबावंसं वाटतं. म्हणून तर ब्रेक घरी ठेवून आलोय!"