बेटाला एक फेरी

"किल्ली द्या," म्हणत आबांनी हात पुढे केला.

गिरधरने किल्ली लगेच दिली नाही. आधी खिशातला कागद उघडला. "दीव बेटाला पूर्ण एक फेरी. दहा मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. सत्तरच्या खाली आलात, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. घरी ठरलं तसंच. कबूल?"

"कबूल, भाऊ. तुम्ही म्हणाल तसं."

शालिग्राम आबा एकाहत्तर वर्षांचे होते. वरणगावच्या कारखान्याची कामगारांची बस त्यांनी अठ्ठावीस वर्षे चालवली होती. निवृत्तीनंतर ते रोज जीप घेऊन केळीच्या बागेत जात. त्र्याण्णवच्या दिवाळीत जीप मोरीच्या कठड्याला घासली आणि गिरधरने, त्यांच्या मुलाने, किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. तेव्हापासून आबा ओट्यावर बसून असत. जेवण निम्म्यावर आले होते. गिरधरला ते 'अहो-जाहो' करू लागले होते. घरात कोणावर रागावले की त्याच्याशी परक्यासारखे बोलायचे, ही त्यांची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती.

गिरधर एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवीत असे. निर्णय अंदाजाने घ्यायचा नाही, असा त्याचा नियम होता. यावलच्या रस्त्याला ट्रक फार आणि भुसावळकडे रेल्वेची फाटके फार. परीक्षेसाठी त्याला मोकळा, अनोळखी आणि निघालो तिथेच परत आणणारा रस्ता हवा होता. म्हणून नाताळच्या सुट्टीत धुळे, सुरत करत, दोन दिवस स्वतः गाडी चालवून त्याने सगळ्यांना या बेटावर आणले होते.

आबांनी चारही चाके पायाने दाबून पाहिली, आरसा पुसला आणि बसल्यावर मागे वळून विचारले, "सगळे बसले ना? हात बाहेर काढू नका."

मागे त्यांच्या पत्नी कुंदाबाई, सून सुनंदा आणि दहा वर्षांची नात लीला होती.

"बसलो, बसलो," कुंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त समोर पाहा. कोनाशी बोलू नका."

जीप निघाली. डाव्या हाताला समुद्र होता. खडकांच्या कपारीत लाटा शिरत आणि पांढरा फेस रस्त्यापर्यंत उडे. उजवीकडे दोन-दोन फांद्या फुटलेले ताड वाऱ्याने वाकले होते. आबांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. प्रत्येक वळणाआधी आरसा, हॉर्न आणि मग गिअर. गिरधर कागदावर खुणा करीत होता.

"सुरतेत तुम्ही दोनदा चुकीच्या बाजूनं घुसलात," सुनंदा मागून गिरधरला म्हणाली. "तुमचे गुण कोण कापणार?"

"बाई बरोबर बोलतात," आबा म्हणाले.

सगळे हसले. गिरधरही हसला, पण खूण करायला विसरला नाही.

"आबा, सांगा बरं, मी कितवीत आहे?" लीलाने पुढे वाकून विचारले.

आबांनी गिअर बदलला.

"ए पोरी, त्यायले गाडी चालवू दे," कुंदाबाईंनी तिला मागे ओढले. "परीक्षा चालू असताना कोनी परीक्षा घेते का?"

बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबारा गावात, रस्त्याच्या कडेने मासळी वाळत होती. तेवढ्या अरुंद वाटेत समोरून मासळीचा ट्रक आला. ट्रकवाला हटेना. एका बाजूला जाळ्यांचे ढीग आणि दुसरीकडे खाली थेट खाडी.

"उतरा आबा, मी मागे घेतो," गिरधरने दाराला हात घातला.

"बसा, भाऊ. चालत्या कामात चालक बदलत नाहीत."

आबांनी मान वळवली. ऐंशी-नव्वद पावले, दोन वळणे, आणि जीप कुठेही न अडखळता मागे आली. एक जाळे दबले नाही की एक मासा चिरडला नाही. ट्रक जवळून जाताना त्याच्या चालकाने आबांना हात जोडले. लीलाने टाळ्या वाजवल्या. कुंदाबाई मात्र डोळे मिटून बसल्या होत्या.

परतीचा रस्ता उत्तरेकडून होता. मिठागरे गेली, मधली गावे गेली. आबांच्या कपाळावर घाम होता, पण हात स्थिर होते. जिथून निघाले होते तिथेच, किल्ल्याच्या भिंतीखाली, त्यांनी जीप आणून उभी केली, हाताचा ब्रेक ओढला आणि इंजिन बंद केले.

गिरधरने बेरीज दोनदा केली. "शहाण्णव," तो म्हणाला. "आबा, मी कोणालाच एवढे गुण दिलेले नाहीत. आजपासून किल्ली तुमचीच."

"मी सांगतच होते!" सुनंदा म्हणाली.

गिरधर खाली उतरून वळसा घालून आला आणि आबांच्या पायाशी वाकला. "चुकलो मी. आता तरी राग सोडा. मला पहिल्यासारखं 'अरे' म्हणा."

"राहू दे रे," कुंदाबाई घाईने मधे बोलल्या. "थकले ते. आधी चहा पाज त्यायले."

आबांनी गिरधरला खांद्याला धरून उठवले. त्यांचा चेहरा अतिशय प्रसन्न होता.

"राग कसला, भाऊ? तुम्ही भले माणूस दिसता. पण आता सगळे उतरा, मला निघू द्या. घरी माझा गिरधर वाट पाहत असेल. सहा वर्षांचा आहे, मी गेल्याशिवाय घास घेत नाही."