झिजलेलं बोट

“आई, हात पुसू नकोस. ओलाच असू दे,” चिमी म्हणाली आणि तिने फोन आईपुढे सरकवला.

टेबलापलीकडे खरेदीदार बसला होता. लाखांनी फोन बनवून विकणारा माणूस. त्याने हो म्हटलं, तर काचेखालून बोटाचा ठसा ओळखणारा चिमीचा सेन्सर त्या प्रत्येक फोनमध्ये बसणार होता. नाही म्हटलं, तर तिच्या चार माणसांच्या कंपनीला सोमवारी टाळं.

आईने तीस वर्षं कारखान्याच्या खानावळीत भांडी घासली होती. बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या. कारखान्याचं फाटक असो की बँकेची खिडकी, तिने बोट टेकवलं की लाल दिवा लागायचा. “मशीनच्या लेखी मी जन्मलेच नाही गं,” ती हसत सांगायची. चिमीला ते हसू सहन व्हायचं नाही. त्यापायीच तर तिने सहा वर्षं या सेन्सरला वाहून घेतलं होतं.

सकाळी नुसती धांदल उडाली. नमुन्याच्या फोनवर चरे दिसले. चिमीच्या भागीदाराने पळत जाऊन नवाकोरा स्क्रीनगार्ड आणला, चिकटवला, आणि त्यावरूनच आईच्या बोटाची नोंद घेतली. पहिल्या फटक्यात झाली! दोघं लहान मुलांसारखी नाचली.

“आणि परक्या बोटाला?” खरेदीदाराने विचारलं.

“गेल्या महिन्यात नुसत्या काचेवर बाराशे माणसांची चाचणी झालीय. एकालाही उघडला नाही.” चिमीने अहवाल पुढे केला. त्याने शेवटचं पान दोनदा वाचलं.

“हं. लावा बोट, आई.”

आईने बोट टेकवलं.

फोन उघडला.

“अगंबाई, ओळखलं की मला!” आई ओरडलीच. भागीदाराने टेबलावर थाप मारली. खरेदीदार ताडकन उभा राहिला.

“माझ्या आईचीही हीच रड आहे हो! पन्नास लाख फोनना बसवू. आत्ता सही करतो.”

आणि खरंच केली. चिमीला हसावं की रडावं कळेना. तिने आईला घट्ट मिठी मारली.

“एक झकास फोटो होऊ द्या,” खरेदीदारासोबत आलेला फोटोग्राफर म्हणाला. “आई पुन्हा फोन उघडतील, तुम्ही दोघं बाजूला उभे राहा.”

चिमीने फोन लॉक केला. काचेवर ओला डाग पडला होता.

“थांबा, थांबा.” खरेदीदाराने हसत खिशातून रुमाल काढला, बोटाला गुंडाळला आणि स्क्रीनगार्ड पुसला.

फोन उघडला.